जव्हार : दरीकाठचे जुने संस्थान

पालघर जिल्ह्यातील जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेले छोटेखानी शहर. ‘मिनी महाबळेश्वर’ हे बिरुद त्याला पर्यटकांनी दिले. त्याची मूळ ओळख मात्र कितीतरी जुनी आहे. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी येथे महादेव कोळी घराण्याची सत्ता स्थापन केली. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत, म्हणजे सुमारे सहाशे वर्षे, ती याच घराण्याकडे राहिली.

काय पाहाल?

जयविलास राजवाडा : अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीतील ही दगडी, घुमटाकार वास्तू शहरालगतच्या टेकडीवर उभी आहे. ती खासगी मालकीची असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी.

शिरपामाळ : १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला आणि जव्हारच्या राजांनी त्यांना मानाचा शिरपेच अर्पण केला, असे सांगितले जाते. माळाचे नाव त्यावरूनच पडले.

हनुमान पॉइंट व सनसेट पॉइंट : दोन्ही ठिकाणे शहरालगत. हनुमान पॉइंटवरून खोल दरीचे विहंगम दर्शन घडते. सनसेट पॉइंटवरून दिसणाऱ्या दरीचा आकार धनुष्यासारखा आहे.

दाभोसा : शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर लेंढी नदीवरील हा धबधबा जवळपास तीनशे फुटांवरून कोसळतो. पावसाळा व त्यानंतरचे दोन महिने येथे जाण्यास उत्तम.

काळ मांडवी : दगडी कड्यांतून कोसळणारा हा धबधबा देखणा, तितकाच धोकादायक आहे. जुलै २०२० मध्ये येथे पाच तरुणांचा बुडून मृत्यू झाला. पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

मोखाडा परिसर : शेजारच्या मोखाडा तालुक्यात सूर्यमाळचे थंड पठार आणि खोडाळ्याजवळील देवबांधचे गणेश मंदिर आहे. होळीच्या मागेपुढे तेथे बोहाडा रंगतो. देवदेवतांचे मुखवटे चढवून, वाद्यांच्या तालावर रात्रभर सोंगे नाचवली जातात.

वावर-वांगणीची आठवण

जव्हार तालुक्यातील वांगणी हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. मात्र, १९९२ मध्ये वावर-वांगणी परिसरातील कुपोषणग्रस्त बालकांच्या मृत्यूंनी अवघा महाराष्ट्र हादरला. ज्या दऱ्या पर्यटकांना भुलवतात, त्याच दऱ्यांनी पाड्यांना रस्ता आणि दवाखाना यांपासून दूर ठेवले होते. खरिपाची नागली, वरी आणि भात हाती आले, की येथील अनेक कुटुंबे आजही दिवाळीनंतर वीटभट्ट्या व बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे; त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

म्हणूनच येथील पर्यटनाचा प्रश्न केवळ मौजेचा नाही. पाहुण्यांनी खर्च केलेला पैसा पाड्यावर पोहोचला, तर गाव सोडण्याची वेळ काही घरांवर तरी येणार नाही. धबधब्यावर जाताना गावातील वाटाड्या सोबत घ्यावा. जेवणाची आगाऊ सूचना देऊन नागलीची भाकरी गावातच खावी. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चित्र घ्यायचे तर थेट कलावंताकडून, त्याच्या श्रमांचे मोल देऊन घ्यावे. डबे, पत्रावळ्या व प्लास्टिक परत न्यावे, हे वेगळे सांगायला नको.

कसे जाल?

मुंबई-ठाण्याहून भिवंडी, वाडा, विक्रमगड मार्गे अथवा नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा मार्गे रस्त्याने जाता येते. रेल्वेने आल्यास पालघर किंवा डहाणू रोड स्थानकावर उतरून पुढे एसटीने जावे. घाटात पावसाळी धुके दाट असते. शक्यतो दिवसाउजेडी पोहोचावे.

कधी जाल?

धबधब्यांसाठी जुलै ते ऑक्टोबर, बोहाड्यासाठी होळीचा सुमार. जव्हार दोन दिवसांत पाहून होते. पाड्यांशी ओळख व्हायची, तर तिसरा दिवस राखून ठेवावा.