विजयदुर्गचे लोलक, जेऊरची नळी आणि तळणीचा छोटा कॅमेरा

कॅमेरा हलका घ्यावा की जड, हा छायाचित्रणाची आवड असलेल्या शिक्षकांमधला जुना वाद आहे. एक पक्ष आटोपशीर रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा. तो पिशवीत मावतो, आवाज करत नाही. दुसरा पक्ष डिजिटल एसएलआरचा. तो मानेला ओझे होतो, पण त्याला लांबचे दाखवणारी मोठी भिंगे लावता येतात. 'यांतला चांगला कोणता?' असा प्रश्न आला की आम्ही उत्तराआधी एक तारीख सांगतो : २२ जानेवारी १८९८.

त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर उतरली आणि सोलापूर जिल्हा व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांचीच होती. तिच्यासाठी जगभरातून शास्त्रज्ञ आले होते. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत पडलेल्या त्यांच्या तळांपैकी तीन आपण पाहू. सूर्य तिथे एकच होता, कॅमेरे मात्र अगदी वेगवेगळे होते.

पहिला तळ आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विजयदुर्गला होता. तिथे सर नॉर्मन लॉकियर आले होते. त्यांच्याबरोबर आल्फ्रेड फाउलर होते आणि मदतीला 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी होते. विजयदुर्ग किल्ल्यातले चौथरे 'साहेबाचे ओटे' म्हणून आजही दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर यांनी याच ओट्यांवरून हीलियम शोधला, असे तिथे सांगितले जाते. त्या तारखेला किल्ल्यावर हीलियम दिनही साजरा होतो. पण १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी सौरज्वालांचा वर्णपट २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच पाहिला. शिवाय ऑगस्ट म्हणजे कोकणात ऐन पावसाळा. लॉकियर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, स्वच्छ आकाशाच्या जानेवारीत. लोकांच्या आठवणीत साहेब खरा आहे, ग्रहण मात्र बदलले आहे. म्हणून विजयदुर्गचे महत्त्व कमी होत नाही. शाळेची सहल तिथे नेताना मुलांना खरी गोष्ट सांगावी, ती अधिक रंजक आहे.

विजयदुर्गला लॉकियर यांना सूर्याचे चित्र नको होते, त्याचा वर्णपट हवा होता. त्यासाठी त्यांनी भिंगापुढे मोठा काचेचा लोलक बसवलेले कॅमेरे आणले होते. वर्णपटदर्शकात एरवी एक अरुंद फट लागते. ग्रहणात चंद्राच्या कडेशी उरलेली सूर्याच्या वातावरणाची बारीक कोर हीच फटीचे काम करते. मग प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशाची एकेक कोर काचेवर वेगळी उमटते. हे दृश्य काही सेकंदच टिकते. तेवढ्यात एकामागून एक काचा बदलायच्या असतात आणि यंत्र तसूभरही हलून चालत नाही. हे काम हातात धरायच्या पेटीचे नव्हे. त्याला स्थिर बैठक हवी आणि शिस्तीने काम करणारी माणसेही हवीत.

दुसरा तळ पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊरला होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला तिथे होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हेही तिथेच होते. कॅम्पबेल यांच्या कॅमेऱ्याचे भिंग फक्त पाच इंच व्यासाचे होते, पण त्याचे नाभीय अंतर चाळीस फूट होते.

तिसरा तळ बडनेरा-वर्धा लोहमार्गावरील तळणीला होता. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या या तुकडीत ॲनी माँडर होत्या. त्यांच्याजवळ दीड इंच व्यासाच्या, आखूड नाभीय अंतराच्या भिंगाचा छोटा कॅमेरा होता. त्याने सूर्याच्या प्रभामंडळातील एका लांबलचक किरणाचे छायाचित्र टिपले. तो किरण सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदापट, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर लांब होता. तोवर एवढा लांब किरण कोणीही टिपला नव्हता.

छोट्या पेटीला हे कसे जमले? इथे फळ्यावर थोडे गणित मांडावे. सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. म्हणून भिंगाने पडणाऱ्या सूर्यप्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या १०७ व्या भागाइतका असतो. चाळीस फूट, म्हणजे सुमारे १२.२ मीटर नाभीय अंतराला प्रतिमा ११ सेंटिमीटरहून थोडी मोठी येते. तिच्यात सूर्यालगतचे बारकावे स्पष्ट दिसतात. छोट्या भिंगाचे नाभीय अंतर नऊ इंच धरले तर प्रतिमा जेमतेम २ मिलिमीटरची येते. मात्र पसरलेल्या वस्तूची प्रतिमा किती उजळ येईल, हे भिंगाच्या व्यासावर एकट्यावर अवलंबून नसते. नाभीय अंतर भागिले व्यास हा आकडा महत्त्वाचा. जेऊरला तो ४८० भागिले ५, म्हणजे ९६ होता. छोट्या कॅमेऱ्याचा ९ भागिले दीड, म्हणजे ६. उजळपणा या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ९६ हे ६ च्या सोळापट. म्हणून छोट्या प्रतिमेचा प्रत्येक चौरस मिलिमीटर २५६ पट उजळ. प्रभामंडळाची बाहेरची अंधुक टोके त्या दोन मिनिटांत टिपायला हाच उजळपणा हवा होता आणि आकाशाचा रुंद तुकडा एका काचेवर मावायला हवा होता. बारकाव्यांना लांब नळी, वर्णपटाला जड लोलक, अंधुक पसाऱ्याला छोटी पेटी. तिघांचे प्रश्न वेगळे होते, म्हणून साधनेही वेगळी.

आता आपल्या वादाकडे वळू. लायका हा छोट्या फिल्मचा कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि १९३२ मध्ये त्यात रेंजफाइंडर बसला. त्याच्या दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर ठरवले जाते. आपले दोन डोळे साधारण याच तत्त्वाने जवळचे अंतर जोखतात. खिडक्यांमधले अंतर काही सेंटिमीटरच असल्यामुळे लांब भिंगासाठी हे मापन अपुरे पडते. १९३६ च्या किने एक्झाक्टापासून छोट्या फिल्मच्या एसएलआरमध्ये भिंगामागे ४५ अंशांत आरसा आला. त्यामुळे भिंगाला दिसते तेच डोळ्याला दिसते, मग भिंग कितीही लांब असो. नंतरच्या बहुतेक एसएलआरमध्ये त्यावर काचेचा लोलकही बसला. जडपणा आला तो या आरशाच्या पेटीमुळे आणि लोलकामुळे. पुढे फिल्मच्या जागी डिजिटल संवेदक आला, तरी दोन्ही घडणींचा हा स्वभाव बदलला नाही. मालवणच्या बाजारातली माणसे, मासळीचा लिलाव टिपायला हलका कॅमेरा बरा. दूरच्या खडकावरचा समुद्रगरुड किंवा ग्रहणाची कोर टिपायची तर जड कॅमेराच हवा.

एक इशारा मात्र दोन्ही पक्षांना. एसएलआरमधून सूर्याकडे पाहताना भिंगाच्या पुढे सौर गाळणी हवीच, नाहीतर डोळा कायमचा जाऊ शकतो. रेंजफाइंडरमध्ये भिंगावर गाळणी लावली तरी डोळ्यासमोरच्या खिडकीतून थेट सूर्यच दिसतो. म्हणून त्यातून सूर्याकडे पाहूच नये.

आणि ज्या शाळेजवळ कोणताच कॅमेरा नाही, तिनेही मागे राहू नये. जाड पुठ्ठ्याला टाचणीने एक छिद्र पाडा. सूर्याकडे पाठ करून त्यातून येणारा प्रकाश अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या कागदावर पाडा. छिद्र आणि कागद यांत एक मीटर अंतर असेल तर सूर्याची प्रतिमा ९ मिलिमीटरच्या आसपास येईल. मग अंतर दोन मीटर करा. प्रतिमा दुप्पट मोठी होईल, पण फिकी पडेल. जेऊरची लांब नळी आणि तळणीचा छोटा कॅमेरा यांतला फरक मुलांना त्या कागदावरच दिसेल.