कॉम्प्युटर सारखा तापतोय? फॅन स्पीड कंट्रोल कसा करायचा, सोप्या भाषेत



उन्हात गाडीच्या होल्डरला मोबाईल लावून मॅप चालू ठेवला, की थोड्या वेळानं स्क्रीन अंधूक होते आणि फोन अडखळायला लागतो. आतलं तापमान वाढलं हे ओळखून फोन स्वतःचा वेग कमी करतो. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो, त्यामुळे त्याच्याकडे दुसरा फारसा उपाय नसतो. डेस्कटॉपमध्ये मात्र पंखे असतात आणि ते कधी, किती वेगानं फिरावेत हे आपण ठरवू शकतो. यालाच फॅन स्पीड कंट्रोल म्हणतात.

मी कोल्हापुरात राहतो. मार्च संपत आला की ओळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात, "दादा, पीसी आपोआप बंद पडतोय." कुणाचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट अडकलेला असतो, कुणाचा लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होता होता उडालेला असतो. काही जण तर नवीन मशीन घ्यायच्याच तयारीत असतात. पण हजारो रुपये खर्च करण्याआधी थांबा. बऱ्याचदा एक ब्रश, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब आणि बायोसमधली दहा मिनिटांची सेटिंग एवढ्यावर काम भागतं.

कॉम्प्युटर तापतो तेव्हा आत काय होतं?

सीपीयूमध्ये तयार झालेली उष्णता थर्मल पेस्टमधून हीटसिंकच्या धातूत जाते. पंखा त्या धातूवरून हवा ढकलतो आणि उष्णता हवेत सोडतो. या साखळीतली एक कडी जरी बिघडली तरी तापमान चढतं.

प्रत्येक सीपीयूला तापमानाची मर्यादा असते. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरसाठी ती १०० अंश सेल्सिअस आहे, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरसाठी ९५ अंश. ही मर्यादा गाठली की सीपीयू आपला वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान वाढतच राहिलं, तर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन थेट बंद होतं.

पहिली पायरी : तापमान मोजा

कॅबिनेटला हात लावून अंदाज करू नका. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे मोफत प्रोग्रॅम चालतात. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आहे.

१. मशीन सुरू करून दहा मिनिटं काहीही न करता ठेवा आणि सीपीयूचं तापमान लिहून घ्या.
२. मग सिनेबेंच चालवा किंवा एखादा मोठा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा. १५ ते २० मिनिटांनी सगळ्यात जास्त तापमान किती झालं ते बघा.
३. त्या वेळी खोलीचं तापमान किती होतं, तेही नोंदवा.

तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात, पण आपल्याकडे तोच महत्त्वाचा. पंखा सीपीयूला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांमधला फरक कमी करतो. समजा डिसेंबरात खोली २५ अंशांवर आहे आणि कामाच्या वेळी सीपीयू ७० वर जातो. म्हणजे फरक ४५ अंशांचा. तेच काम एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांच्या खोलीत केलं, तर सीपीयू ८३ च्या आसपास जाणार. म्हणून थंडीत ८५ दाखवणारं मशीन उन्हाळ्यात बंद पडलं, तर त्यात नवल नाही.

आणि हो, तापमान ६० च्या आतच असताना मशीन बंद पडत असेल, तर दोष पंख्याचा नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा पॉवर सप्लाय, रॅम किंवा वायरिंग तपासून घ्या.

दुसरी पायरी : धूळ काढा

कोल्हापुरात प्रत्येक भागाची धूळ वेगळी. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री आणि वर्कशॉपजवळ हवेत वाळू आणि धातूचे बारीक कण असतात. धातूचे कण वीज वाहून नेतात, त्यामुळे ते मदरबोर्डवर साचले तर शॉर्टसर्किटचाही धोका. गावाकडं ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं, की काळी राख खिडकीतून आत येते. आणि देवघराशेजारी पीसी ठेवला असेल, तर उदबत्तीची राख आणि वातींची काजळी आहेच! पंखा जितका जोरात फिरेल, तितकी ही धूळ जास्त ओढून घेणार.

म्हणून स्पीड वाढवण्याआधी सफाई करा :

- मशीन बंद करून वायर बोर्डातून काढा. मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल.
- काहीही सोडवण्याआधी मोबाईलनं आतल्या वायरिंगचे फोटो काढा. परत जोडताना उपयोगी पडतात.
- मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर वापरा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा गरगर फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.
- पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो.
- हीटसिंक आणि पंखा यांच्या मधली जागा नीट बघा. धुळीचा नमद्यासारखा थर तिथंच बसतो.

मशीन चार-पाच वर्षं जुनं असेल, तर थर्मल पेस्टही बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवा. जास्त पेस्ट लावून जास्त थंड होत नाही. एएमडीच्या एएम ४ सॉकेटवर कूलर सरळ वर ओढू नका, सीपीयू त्याला चिकटून पिनांसकट बाहेर येऊ शकतो. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग ते बंद करून वायर काढा आणि कूलर हलक्या हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा.

तिसरी पायरी : पंखा ३ पिनचा की ४ पिनचा?

पंख्याची वायर मदरबोर्डला जिथं जोडलेली असते, तिथल्या पिना मोजा. ३ पिनच्या पंख्यात ग्राउंड, १२ व्होल्ट आणि वेग कळवणारी वायर असते. त्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतात, म्हणून बायोसमध्ये डीसी मोड निवडावा लागतो. ४ पिनमध्ये चौथी वायर पीडब्ल्यूएम सिग्नलची असते. तिथं १२ व्होल्ट कायम मिळतात आणि वेग सिग्नलनं ठरतो. ३ पिनचा पंखा पीडब्ल्यूएम मोडवर ठेवला, तर तो सतत पूर्ण वेगानं फिरतो. "सेटिंग केली तरी काही फरकच पडत नाही" या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

चौथी पायरी : फॅन कर्व्ह लावा

गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला रस बघून जाळ कमी-जास्त करायला सांगतो. फॅन कर्व्ह तसंच काम करतो : किती ताप झाला की किती वेग, याचा तो आलेख असतो.

बायोसमध्ये जाण्यासाठी मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहा. एचपीमध्ये सहसा एफ १० असतं. आत आसूसच्या बोर्डवर क्यू-फॅन, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन आणि एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटर या नावानं पर्याय सापडेल. माझ्या ओळखीत बहुतेकांना मी सुरुवातीला हा कर्व्ह लावून देतो :

- ४५ अंशांपर्यंत : ३० टक्के
- ५५ अंश : ४५ टक्के
- ६५ अंश : ६० टक्के
- ७५ अंश : ८० टक्के
- ८५ अंश आणि पुढे : १०० टक्के

वेग ३० टक्क्यांच्या खाली नेताना जपून. काही पंखे तिथं अडकतात किंवा सुरूच होत नाहीत. पंखा सारखा घूं-घूं करत वर-खाली होत असेल, तर वेग बदलण्याआधी थांबण्याची वेळ देणारा पर्याय शोधा आणि ती दोन-तीन सेकंदांनी वाढवा. बदल केल्यावर पहिल्या पायरीतली चाचणी पुन्हा घ्या आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

बायोसमध्ये जायचं नसेल, तर विंडोजवर फॅनकंट्रोल हा मोफत प्रोग्रॅम आहे. मात्र तो प्रत्येक मदरबोर्ड ओळखतोच असं नाही. सेकंडहँड मिळणाऱ्या डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिस मशीनमध्ये पूर्ण कर्व्ह सहसा मिळत नाही. किमान वेग वाढवण्याचा पर्याय असला, तर उन्हाळ्यापुरता तो वापरा.

मग पंखा कायम १०० टक्क्यांवरच का ठेवू नये?

पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट होते. पण त्याला लागणारी वीज आठपटीच्या आसपास जाते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलनं वाढतो. शिवाय धूळ जास्त, बेअरिंगची झीज जास्त. एका मर्यादेनंतर वेग वाढवून तापमान दोन-तीन अंशच उतरतं. तेवढ्यासाठी रात्री अभ्यास करताना कानाशी मिक्सर कशाला?

हवेची वाट मोकळी आहे ना?

कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात ठेवलेला पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. मागं आणि बाजूला किमान १५ सेंटीमीटर जागा सोडा. आईनं हौसेनं विणलेलं कव्हर मशीन बंद असतानाच घाला. पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा हवा. टिश्यू पेपरचा तुकडा समोर धरला की दिशा लगेच कळते.

इथं मात्र हात लावू नका

पॉवर सप्लायचा पंखा बंद पडला असेल, तर तो डबा उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहू शकतो. तो युनिट बदला किंवा जाणकाराकडे द्या. बायोसमध्ये सीपीयू फॅन एररचा इशारा येत असेल, तर तो बंद करून काम चालवू नका. पंखा खरंच थांबलेला असू शकतो.

तर मित्रांनो, क्रम लक्षात ठेवा : मोजा, साफ करा, हवेची वाट मोकळी करा आणि मग कर्व्ह लावा. एवढं सगळं करूनही साध्या कामाला तापमान ९० च्या पुढं जात असेल, तर मशीन बदलण्याआधी कूलर बदलून बघा. आणि ही सगळी तयारी फेब्रुवारीतच करून ठेवा. एप्रिलमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री पीसी उघडायची वेळ यायला नको!