बाळंतपणाच्या अलीकडे आणि पलीकडे

मराठी घरांत बाईच्या देहाविषयीच्या सल्ल्याला कधीच तोटा नव्हता. दिवस गेले की जड उचलायचं नाही, पपई खायची नाही, ग्रहणात काही चिरायचं नाही. बाळंतिणीला अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि सव्वा महिना अंगाला आराम. यातलं काही अनुभवाचं शहाणपण होतं. कोंदट खोलीतला धूर आणि नाळ कापायला घेतलेलं हाताशी येईल ते पातं मात्र आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठत असे.

पण हा सगळा सल्ला आयुष्याच्या एकाच टप्प्याभोवती गोळा झालेला होता. न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवत, तिच्यासाठी गाणी म्हणत, आणि नेमकं काय झालं आहे हे तिला कुणी सांगत नसे. पाळी गेलेल्या बाईला सोवळ्याओवळ्यात सूट मिळे, एवढंच. अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, पोटातली जुनी कळ ही दुखणी बाईने बाईजवळ कुजबुजायची आणि सोसायची. महाराष्ट्रातल्या स्त्री-आरोग्याचा इतिहास या नजरेने वाचला की एक गोष्ट खटकत राहते. दवाखाने आले, डॉक्टर आल्या, कायदे झाले, पण बाईकडे पाहण्याची चौकट फार काळ घरातलीच राहिली.

बाईसाठी डॉक्टरी विद्येचं दार मुंबईत उघडू लागलं ते 1882 मध्ये. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी एक निधी उभारला. हेतू सरळ होता: पुरुष डॉक्टरपुढे न जाणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणायच्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी लाखाहून अधिक रुपये दिले, 1883 च्या डिसेंबरात डॉ. एडिथ पीची मुंबईत उतरल्या आणि 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहील, ही त्यातली महत्त्वाची अट होती.

त्याच 1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. तो निवडणारी मुलगी नवव्या वर्षी लग्न झालेली आणि चौदाव्या वर्षी बाळंत झालेली होती. तिचं बाळ दहा दिवसच जगलं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागात त्यांची नेमणूक झाली होती, पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला.

चौदाव्या वर्षीचं बाळंतपण तेव्हा नवलाचं नव्हतं. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने दगावली आणि संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय किती असावं याचा, वाद पेटला. वर्तमानपत्रांतून धर्मशास्त्राचे दाखले झडत होते. लोकमान्य टिळकांचा आक्षेप होता तो परक्या सरकारने धर्माच्या बाबतीत कायदा करण्याला. या गदारोळात हिंदुस्थानातल्या पंचावन्न स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे एक अर्ज पाठवला. त्यात शास्त्रवचनं नव्हती, अधिकाराचा वाद नव्हता. त्यांनी स्वतः तपासलेल्या बालवधूंच्या जखमा होत्या. मुंबईत त्याच वर्षी पीचीबाईंनी हिंदू श्रोत्यांपुढे बालविवाहाविरुद्ध भाषण केलं. 1891 च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेलं, म्हणजे फारच थोडं. तरीही बाळंतपणाच्या अलीकडच्या वयाचा, कोवळ्या मुलीच्या देहाचा विचार डॉक्टरकीच्या भाषेत सरकारदरबारी मांडला गेला, ही घटना या इतिहासात मोठीच मानली पाहिजे.

याच काळात लहानपणी लावलेलं लग्न नाकारून रखमाबाई कोर्टात उभ्या होत्या. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा 1887 चा निकाल. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, पीचीबाईंच्या पाठबळावर त्या लंडनला डॉक्टरी शिकल्या आणि परतून सुरतेत व राजकोटात त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले.

कामा रुग्णालयाची सूत्रं 1928 मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे आली. बेने इस्राएली समाजातल्या, पुण्यात शिकलेल्या आणि लंडनची एम.डी. मिळवलेल्या झिराड 1947 पर्यंत तिथे होत्या. 1937-38 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या मातामृत्यूंची पाहणी झाली. बाळंतीण गेली की ‘नशीब’ म्हणून विषय संपवण्याची रीत होती. झिराडबाईंनी त्या मृत्यूंची मोजदाद केली आणि कारणं शोधली.

बाळंतपण ही बाईच्या मर्जीची गोष्ट असावी, हे मात्र कुठल्या डॉक्टराने नव्हे, गणिताच्या प्राध्यापकाने ठणकावलं. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं होतं. पत्नी मालतीबाई त्यांच्याबरोबर या कामात होत्या. कर्व्यांची नोकरी गेली. 1927 च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, ते 1953 मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून भरलेल्या 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. ते खटला हरले. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा ठरला होता!

स्वातंत्र्यानंतर सरकारने कर्व्यांचा विषय उचलला, पण अर्धाच. 1952 मध्ये कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण झालं. त्याची खूण असलेला लाल त्रिकोण खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर पोचला. कर्व्यांना बाईचं सुख आणि तिचा निर्णय हवा होता, तर सरकारी यंत्रणेला आकडा हवा होता. नर्सबाई घरी येत त्या दिवस राहिले की, लसीसाठी आणि ‘ऑपरेशन’साठी. ऑपरेशन झालं की बाईचं नाव रजिस्टरातून जणू पुसलं जाई. तिची पाळी, तिचं अंगावर जाणं, तिचा पांडुरोग कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हता.

ही उणीव आकड्यांत दाखवली गडचिरोलीने. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग 1986 मध्ये तिथे गेले. दोन खेड्यांतल्या तेरा वर्षांपुढच्या बायकांना, लग्न झालेल्या असोत की नसोत, मुलं होणाऱ्या असोत की पाळी गेलेल्या, त्यांनी विचारलं आणि तपासलं. अशा 650 जणी होत्या. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि दर बाईमागे सरासरी साडेतीनाहून अधिक दुखणी निघाली. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. बाकीच्यांचं दुखणं डॉक्टराने कधी पाहिलंच नव्हतं.

तोवर जगभरच्या आरोग्यधोरणात गरीब देशातल्या बाईचा अर्थ आई असाच होता. गडचिरोलीच्या त्या दोन गावांनी तो अर्थ मोडला. राणी बंग यांचं सुइणींशी आणि गावातल्या बायकांशी झालेलं बोलणं ‘कानोसा’ या पुस्तकात आलं आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली. मखरातल्या मुलीला जे सांगायचं राहून गेलं होतं, ते इथे नीट, नावानिशी सांगितलं जातं.

पलीकडच्या टोकाचं, म्हणजे मुलं होऊन गेल्यानंतरच्या वयाचं काम मराठवाड्याने केलं. गर्भाशयमुखाचा कर्करोग हळू वाढतो. आधीचे बदल वर्षानुवर्षं मुक्याने चालतात, म्हणून वेळीच सापडले तर बाई वाचते. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायकांना एका अभ्यासात घेतलं. एचपीव्ही या विषाणूची एकदाच केलेली तपासणी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे 2009 मध्ये जगापुढे आलं. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या डॉक्टरांनी याहून स्वस्त वाट तपासली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावत आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहत. या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. जगातल्या गरीब देशांना उपयोगी पडलेलं हे ज्ञान इथल्या बायकांनी तपासणीला उभं राहून मिळवून दिलं. त्यांचं हे ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही.

आणि त्याच मराठवाड्यात 2019 मध्ये बीडची बातमी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढून टाकली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा खाडा झाला की दंड जोडप्याला. फडात ना संडास, ना पाणी, ना पाळीच्या दिवसांत विसावा. अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला काही खाजगी दवाखान्यांत ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाई, आणि कर्ज काढून ऑपरेशन होई. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. मुलं झाली, आता पिशवीचं काय काम, हा विचार त्या फडातही पोचला होता आणि दवाखान्यातही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली की ऐन तरुणपणी पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगाची लाही होते. तिच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब कुणी मांडलाच नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची भारतीय लस आता पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि ती देण्याचं उत्तम वय नऊ ते चौदा आहे. म्हणून वाचकांना विनंती अशी. घरात त्या वयाची मुलगी असेल तर लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने, काही त्रास नसला तरी, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग जरी दिसला, तरी आठवडा जाऊ देऊ नका. आणि कुणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टराचं मत घेतल्याशिवाय कागदावर सही करू नका.