अंगावरून वारं गेल्यावर हात परत चालतो का? मोठ्या चाचण्यांनी नेमकं काय सांगितलं

पॅरालिसिसचा अटॅक आलेला माणूस हॉस्पिटलमधून घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण एक सल्ला देऊन जातो. कुणी मालिशवाल्याचा नंबर देतो. कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगतो. कुणी राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटी धामला 7 दिवस राहून यायला सांगतो. व्हॉट्सॲपवर स्टेम सेलची जाहिरात आलेली असते. घरच्यांच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो: हात पुन्हा चालेल का, आणि त्यासाठी नेमकं काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेल्या वीसेक वर्षांत जगभरात हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत, भारतातही झाल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच चाचण्यांची उत्तरं डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा वेगळी आली. काही तर अगदी उलटी आली.

आधी स्ट्रोक म्हणजे काय, ते थोडक्यात

आपण ज्याला लकवा, अर्धांगवायू किंवा 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो, त्यामागे बहुतेक वेळा मेंदूचा स्ट्रोक असतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. त्या भागातल्या पेशी मरतात आणि त्या पेशी शरीराचा जो भाग चालवत होत्या तो लुळा पडतो. म्हणजे बिघाड हातात नसतो, हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूत असतो. नुसत्या तेलाच्या मालिशने हात 'मोकळा' होत नाही, त्याचं कारण हेच.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. त्यामुळे तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं तर थेट सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. या लेखाचा विषय मात्र त्यानंतरचा आहे. जीव वाचला, आता पुढे काय?

'आपोआप बरं होणं' हीच मोठी अडचण

स्ट्रोकनंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत मेंदू स्वतःच बऱ्यापैकी सावरतो. सूज उतरते, शेजारच्या पेशी नवे जोड तयार करतात, गेलेल्या भागाचं काही काम दुसरे भाग उचलतात. त्यामुळे या काळात रुग्णाने जे काही केलं असेल, त्याचाच गुण आला असं वाटतं. मालिश केली असेल तर मालिशने, नवस केला असेल तर नवसाने, महागडं इंजेक्शन घेतलं असेल तर इंजेक्शनने.

'आमच्या काकांना तिथे फरक पडला' हे वाक्य खोटं नसतं. काकांना फरक पडलेलाच असतो. प्रश्न इतकाच असतो की तिथे न जाताही तो पडला असता का.

हे ओळखायला एकच खात्रीचा मार्ग आहे. सारख्या परिस्थितीतले बरेच रुग्ण घ्यायचे, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटायचे, एका गटाला नवा उपचार द्यायचा, दुसऱ्याला नेहमीचा. आणि काही महिन्यांनी रुग्णाला तपासणाऱ्या माणसाला तो कुठल्या गटातला आहे हे सांगायचं नाही. पुढच्या सगळ्या चाचण्या याच पद्धतीच्या आहेत.

लवकर उठवलं, तर जास्त बरं होतं?

तर्काला धरून वाटतं, की हो. रुग्ण पडून राहिला की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात गुठळ्या होतात. मग पहिल्याच दिवसापासून उठवून बसवावं, चालवावं. ऑस्ट्रेलियाच्या ज्युली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखाली 'अव्हर्ट' या चाचणीत हेच तपासलं गेलं. पाच देशांतली 56 केंद्रं आणि 2104 रुग्ण. एका गटाला 24 तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त वेळ अंथरुणाबाहेर काढलं. दुसऱ्या गटाला नेहमीच्या पद्धतीने.

2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्या रुग्णांचं प्रमाण नेहमीच्या गटात 50 टक्के होतं आणि घाईने उठवलेल्या गटात 46 टक्के. म्हणजे जास्त मेहनत घेतलेला गट मागे राहिला.

याचा अर्थ रुग्णाला झोपवून ठेवा असा मुळीच नाही. नेहमीच्या गटातले बहुतेक रुग्णही पहिल्या दिवसाच्या आसपास उठलेच होते. नंतर आकडे खोलात तपासल्यावर दिसलं, की उठवणं थोड्या थोड्या वेळाचं आणि जास्त वेळा असेल तर फायदा होतो. एकाच वेळी फार ताणणं मात्र पहिल्या दिवसांत महागात पडतं. घरच्यांनी 'बघा, उभे राहिले' म्हणून व्हिडिओ काढायच्या नादात दुसऱ्याच दिवशी रुग्णाला कॉरिडॉरभर चालवणं शहाणपणाचं नाही.

भारतातला प्रयोग: घरचेच थेरपिस्ट झाले तर?

आपल्यासाठी सगळ्यात जवळची चाचणी म्हणजे 'अटेंड'. भारतात स्ट्रोकचे रुग्ण भरपूर आणि फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट कमी, तेही शहरांत गोळा झालेले. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा रिक्षा करून थेरपीला नेणं बहुतेक घरांना झेपत नाही. मग घरच्या माणसालाच शिकवलं तर? सून, मुलगा, बायको, कुणीही.

कल्पना इतकी सरळ होती की ती चालणारच असं अनेकांना वाटत होतं. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन आणि सिडनीचे रिचर्ड लिंडली यांच्या पुढाकाराने देशातल्या 14 हॉस्पिटलांत 2014 ते 2016 या काळात 1250 रुग्ण घेतले गेले. अर्ध्या रुग्णांच्या घरच्यांना हॉस्पिटलमध्येच प्रशिक्षण दिलं: रुग्णाला कसं वळवायचं, कसं बसवायचं, रोजच्या कामांचा सराव कसा करून घ्यायचा, छोटी उद्दिष्टं कशी ठरवायची. घरी गेल्यावरही दोन महिन्यांपर्यंत हे चालू राहिलं.

सहा महिन्यांनी मोजलं. मृत्यू पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले रुग्ण एका गटात 47 टक्के आणि दुसऱ्या गटातही 47 टक्के. काडीचाही फरक नाही. 2017 मध्ये हा निकाल 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

हा आकडा निराश करणारा आहे, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. व्यायाम निरुपयोगी आहे असं 'अटेंड' म्हणत नाही. दुसऱ्या गटालाही हॉस्पिटलची नेहमीची थेरपी मिळत होती, आणि भारतीय घरात रुग्णाजवळ कुणी ना कुणी असतंच. चाचणीने इतकंच सांगितलं, की थेरपिस्टच्या जागी थोडं शिकवलेला नातेवाईक उभा केला की काम भागतं, हे सिद्ध होत नाही. सरकारी योजनांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. 'घरच्यांना शिकवा आणि डिस्चार्ज द्या' हा स्वस्तातला मार्ग कागदावर छान दिसला असता. त्यात सगळा भार ज्या बाईवर पडला असता, तिला 'रुग्ण सुधारला नाही, तूच नीट केलं नाहीस' हेही ऐकावं लागलं असतं. आता किमान हे ठामपणे सांगता येतं, की दोष तिचा नाही.

गोळीने हात सुधारतो?

फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची जुनी आणि स्वस्त गोळी. 2011 मध्ये फ्रान्समधल्या 'फ्लेम' चाचणीत 118 रुग्णांपैकी ज्यांना ही गोळी दिली, त्यांच्या हातापायांची हालचाल जास्त सुधारलेली दिसली. बातमी पसरली आणि अनेक डॉक्टर स्ट्रोकनंतर ही गोळी लिहू लागले.

पुढे ब्रिटनमध्ये 'फोकस' ही तब्बल 3127 रुग्णांची चाचणी झाली. सहा महिने गोळी घेऊनही रोजच्या कामांत स्वावलंबी होण्याच्या बाबतीत फरक पडला नाही. नैराश्य कमी झालं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. 2020 मध्ये स्वीडनमधली 1500 रुग्णांची आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, व्हिएतनाममधली 1280 रुग्णांची चाचणी आली, निष्कर्ष तोच. 118 जणांवर दिसलेला गुण हजारोंवर दिसला नाही. 'संशोधनात सिद्ध झालंय' असं कुणी सांगितलं की किती जणांवर, हा प्रश्न का विचारायचा, ते इथे कळतं. (ज्यांना खरोखर नैराश्य आहे त्यांनी ही गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नये, तो विषय वेगळा.)

रोबोटचीही गोष्ट फार वेगळी नाही. ब्रिटनच्याच 'रॅटुल्स' चाचणीत 770 रुग्णांवर हाताला व्यायाम देणारं रोबोटिक यंत्र वापरून पाहिलं. 2019 च्या निकालानुसार नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताचं काम त्याने सुधारलं नाही. यंत्र हात हलवून देतं, पण कप उचलणं, शर्टाचं बटण लावणं हे मेंदूला वेगळं शिकावं लागतं.

मग चालतं तरी काय?

एक उपाय विचित्र वाटेल असा आहे: चांगला हात बांधून ठेवणं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब माकडांवर प्रयोग करत होते. (याच प्रयोगशाळेवरून 1981 मध्ये प्राण्यांच्या छळाचं मोठं प्रकरण झालं, टॉब यांच्यावर खटला चालला, पुढे वरच्या कोर्टात शिक्षा रद्द झाली. तो वाद अजूनही शमलेला नाही.) त्यांच्या लक्षात आलं, की अधू हात वापरायचा प्रयत्न दोन-चारदा फसला की माकड तो वापरणंच सोडून देतं. हात पूर्ण गेलेला नसतो, न वापरण्याची सवय लागलेली असते. चांगला हात बांधला की अधू हाताला काम करावंच लागतं.

माणसांवर याची मोठी चाचणी 'एक्साइट' या नावाने झाली. 222 रुग्ण, स्ट्रोक होऊन 3 ते 9 महिने झालेले. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात जाडसर मोजा आणि शिवाय रोज कित्येक तास अधू हाताने कामांचा सराव. 2006 मध्ये आलेल्या निकालात या गटाचा हात स्पष्टपणे जास्त सुधारला आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकला. पण अट आहे. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडता यायला हवीत. हात पूर्ण लुळा असेल तर हा उपाय नाही. तोल जात असेल तर हात बांधून चालणं धोक्याचं आहे, म्हणून हे घरच्या घरी रुमाल गुंडाळून सुरू करू नये.

कधी करायचं, याचाही अंदाज आता येतो आहे. 2021 मध्ये अमेरिकेतल्या 72 रुग्णांच्या एका चाचणीत, तुलनेसाठी ठेवलेला गट सोडून बाकीच्यांना नेहमीच्या थेरपीशिवाय 20 तास जादा सराव दिला. कुणाला पहिल्या महिन्यात, कुणाला दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर, कुणाला सहा महिन्यांनंतर. सगळ्यात जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर दिसला. चाचणी लहान आहे, 'फ्लेम'चा धडा इथेही लागू होतो. तरीही आपल्याकडे नेमकं याच वेळी काय होतं ते पाहण्यासारखं आहे: पैसे संपलेले असतात, रजा संपलेली असते आणि 'आता जेवढं व्हायचं तेवढं झालं' म्हणून थेरपी बंद झालेली असते.

सहा महिन्यांनंतर दार बंद होतं, हेही खरं नाही. स्ट्रोकला 9 महिन्यांहून जास्त काळ झालेल्या 108 रुग्णांना छातीत छोटं यंत्र बसवून, सराव करताना मानेतल्या व्हेगस नसेला हलके विजेचे झटके दिले गेले. लक्षणीय सुधारणा झालेले रुग्ण खऱ्या झटक्यांच्या गटात 47 टक्के, नुसता सराव करणाऱ्यांत 24 टक्के. अमेरिकेत 2021 मध्ये या यंत्राला परवानगी मिळाली. शस्त्रक्रिया लागणारा हा महागडा उपाय आहे. दुसऱ्या गटातल्या त्या 24 टक्क्यांकडेही लक्ष द्यायला हवं, कारण इतक्या उशिरा त्यांना फरक पडला तो फक्त भरपूर सरावाने.

स्टेम सेलचं काय?

पॅरालिसिसच्या रुग्णांच्या घरच्यांना सगळ्यात जास्त खर्चात पाडणारा हा विषय. भारतातच याची चाचणी झाली आहे. दिल्लीच्या एम्सचे डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांवर 120 रुग्ण घेतले गेले. त्यातल्या निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी शिरेतून दिल्या. 2014 मध्ये निकाल आला: उपचार सुरक्षित वाटला, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाकडून त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. कुणी 'ट्रायल आहे, पण पॅकेज इतक्या लाखांचं' म्हणत असेल, तर तिथेच थांबायला हवं.

भारतात चालणारी प्रत्येक चाचणी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया' या सरकारी नोंदवहीत सुरू होण्याआधी नोंदवावी लागते. ही नोंदवही ऑनलाइन आहे आणि कुणालाही फुकट पाहता येते. हॉस्पिटलकडे नोंदणी क्रमांक मागायचा आणि तिथे टाकून बघायचा. चाचणी कोण करतंय, कुठल्या एथिक्स कमिटीने परवानगी दिली, कुठले रुग्ण घेणार, हे सगळं त्यात असतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, तर सही करायची गरज नाही. आणि सही केल्यानंतरही रुग्ण कारण न देता कधीही चाचणीतून बाहेर पडू शकतो, त्याचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत.