‘डोंगर चांगल्या स्थितीत होता’: एका वाक्याला काय विचारावं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता केला होता. एकोणिसाव्या शतकात आल्प्सवर चढणाऱ्यांनी लिहून ठेवलेली वर्णनं वाचायची आणि प्रत्येक चढाईपुढे एक शब्द लिहायचा: डोंगराची स्थिती ‘चांगली’, ‘बरी’ किंवा ‘वाईट’. शेजारी आजच्या उन्हाळ्यांच्या नोंदी. दोन्ही रकाने एकमेकांशेजारी ठेवले की पूर्वी हा डोंगर किती भरवशाचा होता आणि आता किती बिघडला ते आपोआप दिसेल, असा माझा हिशोब. तीन-साडेतीन महिने त्यात गेले. मार्गदर्शक बाईंनी तो तक्ता पाचेक मिनिटं पाहिला आणि एवढंच विचारलं, “ज्या दिवशी कुणी चढलंच नाही, तो दिवस यात कुठे आहे?”

तो तक्ता प्रबंधात गेला नाही. पण त्या प्रश्नामुळे साधनं वाचायची माझी पद्धत बदलली. ती कशी, हे मॅटरहॉर्नच्या उदाहरणाने सांगतो. संशोधनाच्या तयारीत असलेल्या कुणाचे तरी तीन महिने वाचले तर बरंच.

आधी डोंगर समजून घेऊ. मॅटरहॉर्नची उंची ४४७८ मीटर. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर तो उभा आहे. एका अंगाला झेरमाट, दुसऱ्या अंगाला ब्रॉय. सह्याद्रीत फिरणाऱ्याला घसारा आणि निसटते दगड नवे नाहीत. पण आपल्याकडे उन्हाळ्यात त्रास होतो तो तापलेल्या कातळाचा आणि पाण्याच्या तुटवड्याचा. मॅटरहॉर्नवर प्रकरण वेगळं आहे. तिथे वरच्या भागातला खडक आतून वर्षभर गोठलेला असतो. याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. भेगांमधला बर्फ सुट्या तुकड्यांना धरून ठेवतो, जसा भिंतीतला चुना दगडांना धरतो. उन्हाळ्यात पृष्ठभागाजवळचा काही मीटरचा थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. उन्हाळा जास्त तापला की वितळ आणखी खोल जाते, भेगांत पाणी शिरतं आणि पकड सुटते. बर्फ पूर्ण वितळायचीसुद्धा गरज नसते. शून्य अंशाच्या जवळ आलेला बर्फही कमजोर होतो. वरचं हिम लवकर गेलं तर त्याने दाबून ठेवलेले सुटे दगडही मोकळे होतात.

म्हणजे चढणाऱ्यासाठी उन्हाळा दुधारी आहे. दिवस मोठा, खडक कोरडा, थंडी सोसण्याजोगी; म्हणून गर्दी जुलै-ऑगस्टमध्येच. आणि दगड सुटायचा काळही साधारण तोच.

आता साधनाकडे येऊ. एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज लाकडावर चित्रं कोरणारा कारागीर. १८६० मध्ये तो आल्प्समध्ये आला तोच मुळी एका प्रकाशकासाठी डोंगरांची चित्रं काढायला. १८६१ पासून त्याने इटलीच्या बाजूने मॅटरहॉर्नवर पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि प्रत्येक वेळी तो परत फिरला. त्या बाजूने खडकाचे थर कौलांसारखे बाहेरच्या अंगाला उतरतात, त्यामुळे हाताला धरायला आणि पायाला टेकायला नीट जागा मिळत नाही. हेच थर उलट बाजूला आत झुकलेले असणार, म्हणजे तिथे पायऱ्या तयार मिळतील, असा अंदाज बांधून १८६५ मध्ये तो झेरमाटकडच्या हॉर्न्ली धारेवर आला. अंदाज खरा ठरला. १३ जुलैला तुकडी निघाली, सुमारे ३३५० मीटरवर मुक्काम केला आणि १४ जुलैला दुपारी पावणेदोनच्या सुमारास व्हिंपर शिखरावर होता.

उतरताना हॅडो या एकोणीस वर्षांच्या मुलाचा पाय घसरला. तो पुढच्या मिशेल क्रोझ या वाटाड्यावर आदळला, दोघांच्या वजनाने मागचे हडसन आणि डग्लस ओढले गेले आणि दोर तुटला. चौघे उत्तरेच्या कड्यावरून खाली गेले. व्हिंपर आणि झेरमाटचे टाउगवाल्डर बाप-लेक तेवढे वाचले. डग्लसचा देह कधीच सापडला नाही.

या घटनेवर इतकं लिहिलं गेलंय की नवं काही उरलं नसेल असं वाटतं. पण बहुतेकांचं लक्ष दोरावर असतं: तो का तुटला, कच्चा दोर कुणी वापरला. व्हिंपरने ऑगस्ट १८६५ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, १८७१ मध्ये पुस्तक काढलं. त्या पुस्तकात शिखराच्या जरा खालच्या अवघड टप्प्याचं वर्णन आहे आणि मी माझ्या तक्त्यात तिथेच फसलो होतो. त्याच्या सांगण्याचा आशय असा: उतार फारसा तीव्र नव्हता, खडकाच्या खाचा हिमाने भरल्या होत्या आणि अधूनमधून थोडेच दगड वर आलेले होते, त्या दगडांवर काही ठिकाणी हिम वितळून पुन्हा गोठल्यामुळे बर्फाचा पातळ पापुद्रा होता, पण बऱ्यापैकी सराव असलेला कुणीही तिथून सुखरूप जाऊ शकला असता.

मी शेवटचं वाक्य उचललं आणि तक्त्यात लिहिलं: ‘चांगली’.

आता जरा थांबून बघा. या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक निरीक्षण आहे: खाचांत भरलेलं हिम, वितळून गोठलेला पापुद्रा. दुसरा निवाडा आहे: सराव असलेल्याला धोका नव्हता. निवाडा लिहिणारा माणूस कोण? ज्याच्या तुकडीतले चार जण मेले, ज्याच्यावर देशभर टीका झाली आणि ज्याने अननुभवी मुलाला सोबत नेण्याला मान्यता दिली होती, तो. ‘जागा सोपी होती’ म्हटलं की दोष डोंगरावरून निघतो आणि हॅडोच्या पायांवर जातो. व्हिंपर खोटं बोलत होता असं माझं म्हणणं नाही. पण या वाक्याला लिहिणाऱ्याची गरज चिकटलेली आहे, आणि मी ते डोंगराचं मोजमाप म्हणून वापरत होतो.

निरीक्षणाचं तसं नाही. पातळ पापुद्र्याचा उल्लेख करून व्हिंपरचा बचाव होत नाही, उलट जागा निसरडी होती हेच कळतं. लिहिणाऱ्याला अडचणीचं असूनही जे लिहिलं गेलं त्याला जास्त वजन द्यायचं, हा इतिहासाच्या अभ्यासातला जुना नियम. त्या पापुद्र्यावरून एवढं नक्की म्हणता येतं की १८६५ च्या जुलैमध्येही मॅटरहॉर्नच्या माथ्याजवळ हिम वितळत होतं आणि पुन्हा गोठत होतं. माझ्या ‘चांगली’ या शब्दापेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची आहे.

आणखी एक खड्डा. पूर्वी डोंगर घट्ट होता आणि आता सुटतोय, असं सरळ चित्र काढायचा मोह होतो. पण व्हिंपरच्याच लिखाणात ऑगस्ट १८६१ मधली एक रात्र आहे. तो आणि त्याचा वाटाड्या इटलीच्या बाजूच्या खिंडीत झोपले होते. मध्यरात्रीच्या सुमारास वरून प्रचंड आवाज झाला. मोठा कडा फुटून त्यांच्या दिशेने येत होता. सोबतचा वाटाड्या तर आता संपलो असंच समजला. दरड बाजूने गेली आणि ते वाचले. दगड तेव्हाही पडत होते, आणि तेही रात्रीच्या थंडीत. इतकंच काय, १८६५ मध्ये शिखरावर पोचल्यावर व्हिंपर आणि क्रोझ यांनी खाली इटलीच्या धारेवर असलेल्या प्रतिस्पर्धी तुकडीचं लक्ष वेधायला स्वतःच दगड ढकलले होते! म्हणजे ‘त्या दिवशी दगड पडले’ ही नोंद मिळाली तरी ते उष्णतेने पडले, गोठण्याने पडले की माणसाने पाडले, हे वेगळं विचारावं लागतं.

मग आजचा फरक दाखवायचा कसा? इथे २००३ चा उन्हाळा येतो. युरोपात त्या वर्षी भयंकर उष्णतेची लाट होती. १५ जुलै २००३ रोजी, पहिल्या चढाईच्या तारखेनंतर बरोबर एका दिवसाने, त्याच हॉर्न्ली धारेवर कडा कोसळला. वर अडकलेल्या सुमारे नव्वद जणांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं. अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की कडा सुटला तिथे उघड्या पडलेल्या खडकात बर्फ दिसत होता. म्हणजे ‘दगड पडला’ यापुढे जाऊन ‘तो कशाने धरलेला होता’ याचा पुरावा हाती आला. पुढे याच धारेवर सुमारे ३५०० मीटर उंचीवर संवेदक बसवले गेले आणि २००८ पासून खडकाचं तापमान आणि भेगांची हालचाल सलग मोजली जाऊ लागली. हा संवेदक हवा चांगली असो की वाईट, कुणी चढो न चढो, रोज नोंद करतो. बाईंनी विचारलेला ‘कुणी चढलंच नाही तो दिवस’ इथे सापडतो.

चढाईच्या वर्णनांमध्ये तो नसतो, कारण वर्णन लिहितो तो वर गेलेला माणूस. ढग बघून गावातच थांबलेला वाटाड्या काही लिहीत नाही. शिवाय त्या काळी वाटाड्याने स्वतः लिहिण्यापेक्षा त्याच्या वहीत गिऱ्हाइकाने शिफारस लिहायची पद्धत होती. म्हणजे डोंगर ज्याला सगळ्यात जास्त कळत होता त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो दुसऱ्याच्या हातून. जुन्या वर्णनांतून डोंगर भरवशाचा वाटतो याचं एक कारण हेही आहे की वाईट दिवस नोंदीच्या आधीच गाळले गेलेत.

याचा अर्थ जुनी पुस्तकं निरुपयोगी, असा मुळीच नाही. योग्य प्रश्न विचारला तर ती फार काही सांगतात. फ्रेंच वाटाड्या गास्ताँ रेब्यूफा याने १९७३ मध्ये माँ ब्लाँ परिसरातल्या शंभर उत्तम चढाईमार्गांचं पुस्तक काढलं. जाक मूरे आणि सहकाऱ्यांनी त्यातले ९५ मार्ग तपासले आणि आजच्या स्थितीशी ताडून पाहिले. त्यांचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: ९३ मार्ग हवामानबदलाने कमी-जास्त बदललेत, २६ फारच बदललेत, आणि तीन आता चढताच येत नाहीत. त्यांनी पुस्तकाला ‘डोंगर सुरक्षित होता का’ असं विचारलं नाही. इथे हिम होतं का, हिमनदीवरून खडकावर पाऊल कुठे टाकता यायचं, हा खांब जागेवर होता का, असे प्रश्न विचारले. वॉल्टर बोनाट्टी १९५५ मध्ये एकट्याने सहा दिवसांत द्रूच्या ज्या खडकी खांबावर चढला, तो खांब २००५ च्या जूनअखेर कोसळला. द्रूच्या कड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे फोटो एकमेकांशी जुळवले. फोटो काढणाऱ्याला छान चित्र हवं होतं. कडा किती झिजला हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. म्हणूनच तो साक्षीदार चांगला. त्याने नकळत सांगितलंय.

मी मग तक्ता पुन्हा मांडला. ‘चांगली-बरी-वाईट’ हा रकाना काढून टाकला. त्याच्या जागी चार आले: लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष काय पाहिलं, त्यावर त्याने कोणता निवाडा दिला, तो निवाडा देताना त्याचं काय पणाला लागलं होतं, आणि घटना व लिखाण यांत किती काळ गेला. व्हिंपरच्या नोंदीत शेवटच्या रकान्यात पत्रासाठी ‘काही आठवडे’ आणि पुस्तकासाठी ‘सहा वर्षं’ आलं. नव्या तक्त्यात ओळी निम्म्याहून कमी राहिल्या, कारण बऱ्याच वर्णनांत निवाडे भरपूर आणि निरीक्षण जवळपास शून्य. सुरुवातीला वाईट वाटलं. पण जेवढ्या ओळी राहिल्या त्यांच्यावर भार टाकता येतो.

हा सगळा खटाटोप फक्त प्रबंधासाठी नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात मॅटरहॉर्न आणि माँ ब्लाँच्या नेहमीच्या मार्गांवर लोकांना नेणं अनेक वाटाड्यांनी थांबवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडवर शून्य अंश तापमानाची रेषा ५२९८ मीटरपर्यंत गेली; म्हणजे मॅटरहॉर्नचा माथा तिच्याखाली आठशे मीटर. अशा दिवसांत कुणी दीडशे वर्षांपूर्वीचं ‘सराव असेल तर काही धोका नाही’ हे वाक्य वाचून निघाला, तर तो डोंगराची स्थिती वाचत नाहीये. तो एका घाबरलेल्या, दुःखी आणि स्वतःला सावरणाऱ्या पंचवीस वर्षांच्या तरुणाची बाजू वाचतोय. तुमचा विषय डोंगर नसेल, दुष्काळ असेल, साथ असेल, गिरणीतला संप असेल. तिथेही ‘परिस्थिती आटोक्यात होती’ असं वाक्य कुठल्या तरी अहवालात भेटेलच. ते तक्त्यात टाकण्याआधी बघा की लिहिणाऱ्याने काय पाहिलं होतं, आणि ते तसं लिहून त्याचं काय वाचणार होतं.