‘घरीच असते’ म्हणणाऱ्या बाईची वाकळ

दुपारची भांडी झाली असतील. कुणी ज्वारी निवडत असेल, कुणी टाके घालत बसली असेल. हात चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

आपल्याला कुणी विचारलं, “काय करता तुम्ही?” की आपण पटकन सांगतो, “काही नाही, घरीच असते.” हे सांगते वेळी आपल्याच गाठोड्यात तीन वाकळा अर्ध्या शिवून पडलेल्या असतात. एक सासऱ्यांसाठी, जाड. एक लेकीच्या बाळंतपणासाठी, मऊ नि लहान. तिसरी पावण्यारावळ्यांसाठी. तरीही आपण “काही नाही” म्हणतो. आज या “काही नाही”चा इतिहास बघू.

आपल्याकडे वाकळ म्हणतात, कुठे गोधडी म्हणतात. संस्कृतात चिंध्या जोडून शिवलेल्या पांघरुणाला कंथा असा शब्द आहे आणि बंगालच्या बायका आजही आपल्या शिवणीला कांथा म्हणतात. म्हणजे ही रीत फार जुनी. पण राजांच्या लढायांच्या तारखा लिहिल्या गेल्या, पहिली वाकळ कुणी शिवली ते कुणी लिहून ठेवलं नाही. गाडगेबाबांच्या अंगावर ठिगळांचं वस्त्र असे, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. तेवढ्यापुरती गोधडी पुस्तकात आली. गोधड्या शिवणाऱ्या बाया मात्र आल्या नाहीत.

मग त्यांचा इतिहास शोधायचा कुठे? वाकळेतच. जुन्या नऊवारी लुगड्याचा प्रवास आठवा. नवं असताना सणाला, मग रोजच्याला. मधे विरलं की विरलेला भाग काढून टाकायचा, दोन तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. तेही फाटलं की लुगडं वाकळेत जायचं. वाकळ विरली की तिच्यावर दुसरं कापड चढवायचं, म्हणून जुन्या वाकळेच्या पोटात आणखी जुनी वाकळ सापडते. शेवटी उरलेल्या चिंधीचं पोतेरं व्हायचं. आपल्या तुळजापुरात तर आराधी बायकांच्या हातातला पोतही कापडाच्या पिळ्याचाच, तेलात भिजवून पेटवलेला. घरातलं कापड वाया गेलं नाही, कारण घरातली बाई त्याचा हिशेब डोक्यात ठेवत होती.

एका वेळी तीन-चार वाकळा का चालायच्या, तेही त्यातच आहे. जुनं कापड एकदम जमत नाही. एकीला अस्तर मिळेना, तर तोवर दुसरी हातात घ्यायची. ज्वारीची सुगी सरली की चैत्र-वैशाखात बैठक बसायची, मृगाच्या आत टाके संपवायचे. धुऊन वाळवलेलं कापड अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, कच्चे टाके घालायचे, मग काठाकडून आत धावदोरा. चार कडांना चार जणी बसायच्या. कुणाच्या घरी काय दुखतंय ते तिथंच कळायचं. आजच्या बचत गटाची बैठक आणि ती बैठक फार लांबची नाही.

आता थोडं बाहेर बघू. आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि पंचेचाळीसेक किलोमीटरवरचं सोलापूर इंग्रजांच्या. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली. गिरणीचं कापड बाजारात आलं, पण शेतमजुराच्या घरी पैसा कुठं होता? पांघरूण बाईच्या सुईतूनच यायचं. दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली की १९४३ साली इंग्रज सरकारला त्यावर नियंत्रण आणावं लागलं. अशा काळात घरात चार वाकळा असणं म्हणजे शिल्लक असणं.

मग १९७२ चा दुष्काळ. तो तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेल. हजारो बाया खडी फोडायला, रस्त्यावर माती टाकायला गेल्या. कामावर सुकडी मिळायची. त्यातूनच पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. एक गोष्ट लक्षात घ्या, तिथं हजेरीपट होता. कितीतरी बायांचं नाव कामकरी म्हणून पहिल्यांदा कागदावर चढलं ते तिथं. रात्री कंदिलाशी बसून तिनं घातलेल्या टाक्यांचा मात्र हजेरीपट नव्हता. आजही जनगणनेत नुसतं घरचं काम करणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’त मोजली जाते.

आणि २०२० चा मार्च आठवा. टाळेबंदी लागली. आईचं मंदिर बंद, बांगड्या-कुंकवाची दुकानं बंद, लॉज बंद. यात्रेवर पोट असलेलं अख्खं गाव घरी बसलं. नोव्हेंबरात दिवाळीच्या पाडव्याला मंदिर उघडलं, तोवर आठ महिने गेले. “घरीच असतो” म्हणायची पाळी पुरुषांवर आली, तेव्हा त्यांना ते किती जड गेलं ते आपण बघितलं. त्या दिवसांत राज्यभर बचत गटांनी मास्क शिवले. आणि किती घरांत माळ्यावरची गाठोडी खाली आली! आमच्याही घरी आली. माझ्या आईनं अर्धी टाकलेली वाकळ मी त्या उन्हाळ्यात पुरी केली. तिचे टाके बारीक, माझे मोठे. जिथं टाका बदलतो तिथं हात फिरवला की कळतं, तिचं कुठं थांबलं आणि माझं कुठं सुरू झालं.

दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यात, काळ्या शेतमजूर बायकाही अशाच जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. मतदानाच्या हक्कासाठी नाव नोंदवलं म्हणून त्या भागात कित्येकांची कामं गेली, घरं गेली. तेव्हा १९६६ साली तिथल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली आणि घरची शिवण बाजारात नेली. २००२ साली त्या भागातल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. हाताची कला आपल्याहून वेगळी नव्हती. त्यांनी एकत्र येऊन तिची किंमत मागितली, एवढंच.

आपण किंमत कशी लावतो? समजा, एक वाकळ शिवायला रोज दोन तास, असे पंचवीस दिवस लागले. झाले पन्नास तास. दोरा नि अस्तर दोनशे रुपयांचं. विकली हजाराला. हाती राहिले आठशे, म्हणजे तासाला सोळा रुपये. “घरीच असते, वेळच घालवते” असं आपणच म्हणालो, तर गिऱ्हाईक जास्त का देईल?

म्हणून दोन कामं करा. गटाच्या वहीत बचतीच्या पानामागं एक पान वाकळेचं ठेवा: कधी सुरू केली, किती तास बसलात, दोरा केवढ्याचा. हाच आपला हजेरीपट. आणि प्रत्येक वाकळेच्या कोपऱ्यात दोऱ्यानं आपलं नाव आणि साल घाला. लिहिता येत नसेल तर आपली एक खूण घाला. नातीला ती ओळखता येईल.

दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की आपली आई भवानी कोजागिरीपर्यंत पलंगावर निजते. त्या निजेला आपण श्रमनिद्रा म्हणतो. देवीच्या झोपेआधी आपण तिचे श्रम मानले आहेत. तेवढेच ते घरातल्या बाईचेही मानू. सुरुवात आपल्यापासून करू. उद्या कुणी विचारलं, “काय करता?” तर सांगा, “तीन वाकळा चालू आहेत.”

रामराम.