हवेतले पाणी आणि हंड्यातले पाणी



हवेतून पिण्याचे पाणी काढून देणारी यंत्रे आता बाजारात मिळू लागली आहेत. काही कपाटाएवढी आहेत, काही टेबलावर मावतील एवढी आहेत, आणि प्रवासात बरोबर नेता यावीत अशा लहान यंत्रांसाठीही खटपट चालू आहे. नळ नको, विहीर नको, नदी नको. वीज लावा आणि भांडे खाली धरा, असे त्यांचे वर्णन केले जाते. ज्या मुलखात उन्हाळा लागला की बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात, तेथे असे वर्णन ऐकून मन हरखून जावे यात नवल नाही. परंतु हरखलेल्या माणसाने हिशेब विचारू नये, असा काही नियम नाही. आम्ही कॉलेजात शास्त्र शिकलेलो नाही. जे थोडेफार कळले ते सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांतून आणि कारखान्यातल्या फिटर-मेकॅनिक मंडळींकडून. मात्र संघटनेच्या कामात मालकांचे ताळेबंद वाचता वाचता एक सवय जडली. एखादी वस्तू फुकट मिळते असे कोणी सांगितले की तिची किंमत कोण भरतो ते आधी पाहावे. हवेतल्या पाण्याचा इतिहास आज आपणास याच सवयीने पाहावयाचा आहे.

प्रथम मूळ गोष्ट. हवेत पाणी आहे, ही थाप नव्हे. दमट दिवसांत बर्फ घातलेला पेला टेबलावर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी पेल्यातून झिरपलेले नसते. भोवतालच्या हवेतील वाफेचे थंड काचेवर पाणी झालेले असते. हवा जितकी उष्ण, तितकी अधिक वाफ तिच्यात मावते. ती थंड करीत गेले की एका ठराविक उष्णमानाला वाफ मावेनाशी होते आणि पाणी सुटू लागते. त्या उष्णमानाला दवबिंदू म्हणतात. या विषयातील बहुतेक सारी यंत्रे, जुनी काय आणि नवी काय, या एकाच गोष्टीवर उभी आहेत.

आता थोडे आकडे घेऊ. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली डोळ्यांपुढे आणा. चाळीत एक कुटुंब राहते तेवढी. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा असते. मुंबईच्या किनाऱ्यावर उष्णमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या खोलीच्या हवेत ६८० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने असते. हवा १० अंशांपर्यंत थंड केली तर एक लिटर पाणी मिळविण्यास अशा दोन-अडीच खोल्यांची हवा पुरते. हाच हिशेब लातूरकडच्या उन्हाळ्यातील दुपारी मांडा. उष्णमान ४०, आर्द्रता २० टक्के. तेवढीच थंड केली तर आता एका लिटरला सुमारे वीस खोल्यांची हवा लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ग्यानबाची मेख आहे ती येथे. जेथे तहान मोठी तेथे बहुधा हवा कोरडी, आणि जेथे हवा ओली तेथे बहुधा पाऊसही पडतो.

हा उद्योग माणसाने फार दिवसांपासून केला आहे. कॅनरी बेटांपैकी एल येरो या बेटावर गारोए नावाचे एक झाड होते. धुके त्याच्या पानांवर अडे आणि खाली ठिबकणारे पाणी बेटावरील लोक साठवून पीत. १६१० साली ते झाड वादळात पडले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी क्रिमियातील फिओदोसिया गावाजवळ फ्रीडरिख झिबोल्ड नावाच्या जंगल-अधिकाऱ्याला टेकड्यांवर दगडांच्या तेरा मोठ्या राशी आढळल्या. जवळपास मातीच्या नळांचे तुकडेही सापडले. त्याने अनुमान केले की, प्राचीन ग्रीकांनी हवेतील दव पकडण्यासाठी या राशी रचल्या असून त्यांतून साऱ्या शहराला पाणी मिळत असे. नुसते अनुमान करून तो थांबला नाही. समुद्रकाठचे गोटे आणून २० मीटर व्यासाच्या पात्रावर त्याने सहा मीटर उंचीची रास स्वतः रचली. १९१२ साली तिच्यातून पाणी येऊ लागले. चांगल्या दिवशी ३६० लिटरपर्यंत आले. पुढे पात्राचा तळ गळू लागला आणि १९१५ च्या सुमारास प्रयोग सोडून द्यावा लागला.

मौज पुढेच आहे. नंतरच्या उत्खननात असे निघाले की, त्या प्राचीन राशी पाण्याच्या नव्हत्याच. ती मृतांची थडगी होती. परंतु तोवर कल्पना युरोपभर पोहोचली होती. फ्रान्समध्ये त्रां-आं-प्रोव्हांस या गावी आशिल नापें या बेल्जियन इंजिनियराने १९३० ते ३१ मध्ये १४ मीटर उंचीचा, तीन मीटर जाडीच्या भिंतींचा एक प्रचंड बुरूज बांधला आणि त्यास हवेची विहीर असे नाव दिले. रात्रीला त्यातून फार तर एखादी बादली पाणी मिळाले. बुरूज अजून उभा आहे.

एवढी मेहनत का फसली? वाफेचे पाणी होताना ती आपल्याजवळची उष्णता सोडते. एक लिटर पाणी सुटले म्हणजे विजेच्या मापाने सुमारे दोन-तृतीयांश युनिट एवढी उष्णता बाहेर पडते. ती दुसरीकडे वाहून नेली नाही तर थंड पृष्ठभाग पुन्हा तापतो आणि काम थांबते. जाड दगडी भिंत दिवसा तापलेली असते, ती रात्रीतून पुरेशी निवत नाही. त्यापेक्षा मोकळ्या आकाशाकडे तोंड केलेला पातळ पत्रा लवकर गार होतो. कच्छमध्ये कोठारा भागात गिरिजा शरण यांनी याच तत्त्वावर छपरांवरचे दव गोळा करून दाखविले. त्यात यंत्र नाही, वीज नाही. पण उत्तम रात्रीही एका चौरस मीटरला अर्धा लिटर म्हणजे पुष्कळ झाले. निसर्ग फुकट देतो खरा, पण मापटे लहान ठेवतो.

उष्णता वाहून नेण्याचे काम अखेर यंत्राने केले. परंतु ते यंत्र तहानलेल्या माणसासाठी जन्मलेच नव्हते. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात अडचण उभी राहिली. दमट हवेने कागद फुगे, कोरड्या हवेने आकसे, आणि रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्यावर नीट बसेना. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील पाणी काढून टाकण्याची योजना आखली. नळ्यांवर जमणारे पाणी म्हणजे नको असलेला कचरा होता. चार वर्षांनी, १९०६ साली, स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकेतील कापड-गिरण्यांच्या इंजिनियराने याच्या उलट काम केले. सूत तुटू नये म्हणून त्याने गिरणीच्या हवेत पाणी घातले, आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द प्रथम वापरला तो त्याने. एकाने हवेतले पाणी काढले, दुसऱ्याने घातले. एकाला कागद जपावयाचा होता, दुसऱ्याला धागा. त्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसाचा प्रश्न दोन्ही ठिकाणी नंतरचा.

गिरणगावाशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे नवे वाटणार नाही. साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. अंगाला घामाच्या धारा लागत, पण धागा शाबूत राही. लँकेशायरच्या विणकरांनी या वाफेविरुद्ध ओरड केली, तेव्हा १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून हवेतील आर्द्रतेला मर्यादा घालावी लागली. हवेतील पाणी हा पगार आणि पाळी यांच्याइतकाच कामगार-चळवळीचा विषय होऊन गेला आहे, तो असा.

आजची पाणी देणारी पेटी ही कॅरियरच्याच यंत्राची नात आहे. पंखा हवा ओढतो, गाळणी धूळ अडविते, थंड नळ्यांवर पाणी जमते. ते गाळून, जंतू मारून, थोडे क्षार मिसळून पिण्यास देतात. कॉम्प्रेसर हमालासारखा उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणून वीज त्या उष्णतेपेक्षा कमी लागते. दमट हवेत चांगले यंत्र लिटरला ०.३ ते ०.४ युनिट खाते. हवा कोरडी होत गेली की खर्च चढत जातो. समुद्राचे खारे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात हजार लिटरला ३ ते ४ युनिट लागतात. हवेतून तेच हजार लिटर काढावयास ३०० ते ४००. शंभर पटींचा हा फरक कोणत्याही जाहिरातीने पुसला जात नाही.

आपल्याकडील दोन 'दूतां'ची तुलना केली म्हणजे हे अधिक उघड होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी नेले. त्या गाडीला 'जलदूत' म्हणत. आरंभी एका खेपेला पाच लाख लिटर, आणि पुढे पन्नास वाघिणींची गाडी झाली तेव्हा २५ लाख लिटर पाणी जाई. एवढे पाणी हवेतून काढावयाचे म्हटले तर मुंबईच्या दमट हवेचा दर धरूनसुद्धा एका खेपेस साडेसात ते दहा लाख युनिट वीज लागली असती. लातूरच्या हवेचा दर तर विचारूच नये. दुसरा दूत 'मेघदूत'. २०२२ साली मध्य रेल्वेने मुंबईतील सहा स्थानकांवर हवेतून पाणी काढणारी १७ यंत्रे बसविण्यास परवानगी दिली. तेथील पाणी मोजून, पैसे देऊन घ्यावयाचे. मेघदूत मुंबईत आला आणि लातूरला आगगाडी धाडावी लागली, यात कोणाचा दुष्टावा नाही. तो हवेचा स्वभाव आहे.

म्हणून हा सारा खेळ फोल आहे असे मात्र आमचे म्हणणे नाही. पूर आला, विहिरी घाण झाल्या, तर किनाऱ्यावरील दवाखान्याला असे यंत्र उपयोगी पडेल. भूगर्भातील पाणी खारे किंवा फ्लोराइडचे असेल, तेथे निदान पिण्यापुरते पाणी मिळेल. शास्त्रही थांबलेले नाही. ओमर यागी यांचा जन्म १९६५ साली जॉर्डनमधील अम्मान येथे पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरी झाला. एका खोलीत मोठे कुटुंब, सोबतीस जनावरे, आणि पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने काही तासच येई. या माणसाने पुढे अमेरिकेत असे सच्छिद्र पदार्थ घडविले की, त्यांच्या एका ग्रॅमच्या आतील पृष्ठभाग हजारो चौरस मीटर भरतो. रात्री तो पदार्थ हवेतील वाफ शोषतो आणि दिवसा उन्हाच्या उष्णतेने ती सोडतो. २० टक्के आर्द्रतेतही हे घडते, असे २०१७ साली दाखविण्यात आले. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉबसन यांच्यासह मिळाले. वाळवंटातील पहिल्या चाचण्यांत एका किलो पदार्थामागे दिवसाला लिटरभर पाणीही पडले नाही, हे खरे. पण कोरड्या हवेची कोंडी फुटू शकते, एवढे त्यावरून दिसले. नळाची वाट पाहिलेल्या मुलाने हा ध्यास घेतला, याचे आम्हांला अधिक मोल वाटते.

परंतु यंत्र सापडले म्हणजे पाणी मिळाले असे नाही. चिली देशातील चुंगुंगो या कोळ्यांच्या गावाचे उदाहरण घ्या. वरच्या डोंगरावर जाळी उभारून धुक्यातील थेंब पकडले आणि १९९२ साली नळाने गावात आणले. जगभर कौतुक झाले. पुढे जाळी फाटली, दुरुस्ती कोणी करावयाची आणि खर्च कोणी सोसावयाचा याची घडी बसली नाही, आणि काही वर्षांत ती योजना मोडकळीस आली. धुके होते तेथेच राहिले. मोडली ती व्यवस्था.

आणि व्यवस्था म्हटली की हक्काचा प्रश्न आलाच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १८ व्या कलमाने मालकावर पिण्याच्या चांगल्या पाण्याची जबाबदारी टाकली. पाण्याच्या जागेवर कामगारांना समजेल अशा भाषेत तसे लिहावे, आणि २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात ते थंड करून द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. असे असूनही आमच्या माहितीतील एका कारखान्यात कायम कामगारांना गार पाण्याचे यंत्र होते, आणि कंत्राटी कामगार आवाराच्या कडेच्या नळावर ओंजळीने पाणी पीत. हवा दोघांची एकच होती, उकाडाही एकच. ते यंत्र सर्वांना खुले व्हावे यासाठी मागणीपत्रात वेगळे कलम घालावे लागले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तेव्हा तळ्यात पाण्याचा तुटवडा नव्हता. पाणी असणे आणि पाण्याला हात लावता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या महाराष्ट्राला तरी कोणी शिकवावयास नको.

आमची भीती नेमकी येथे आहे. ही पेटी चौकात, स्थानकात, कचेरीत येऊन बसेल, आणि तिच्याकडे बोट दाखवून शेजारचा फुकटचा नळ दुरुस्त करण्याचे टाळले जाईल. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालण्याची रीत आहे. रांजण, ओला फडका, आणि वाटसरूची जात वा खिसा न पाहता पाणी देणारा माणूस. त्या रांजणाची जागा नाणे टाकल्यावर पाणी देणाऱ्या पेटीने घेतली, तर ती प्रगती कोणाची?

तेव्हा उद्या आपल्या नगरपालिकेत असे यंत्र घेण्याचा ठराव आला, तर नागरिकांनी त्यास विरोधच करावा असे आम्ही म्हणत नाही. तीन प्रश्न मात्र जरूर विचारावेत. जाहिरातीतला आकडा राहू द्या, आपल्या गावच्या मे महिन्यातील दुपारी हे यंत्र किती लिटर देईल? त्याचे वीजबिल आणि दुरुस्ती कोणाच्या माथी? आणि त्याच्या शेजारचा बिनपैशाचा नळ चालू राहणार की नाही? उत्तरे लेखी घ्यावीत आणि ठरावाला जोडावीत.